वाचकांचे प्रश्न : कॉकपिटमधला व्यत्यय आणि राहून गेलेली पायरी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे विमानप्रवासाच्या सुरक्षिततेविषयी आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : वर्षानुवर्षे तेच काम करणाऱ्या, दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा देणाऱ्या पायलटांकडून एखादी साधी, रोजची पायरी राहून कशी जाते? म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानातील प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले आणि विमान परत मुंबईला आणावे लागले. पायलट एक स्विच चालू करायला विसरले, असे तेव्हा वाचले होते. कॉकपिटमध्ये दोघे जण आणि हाताशी छापील यादी असताना हे घडतेच कसे? याला निष्काळजीपणा नाही तर काय म्हणायचे?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : आपण म्हणता ती घटना २० सप्टेंबर २०१८ ची, जेट एअरवेजच्या बोईंग ७३७ विमानाची. विमानात १६६ प्रवासी होते. विमान वर चढत गेले, पण केबिनमधील हवेचा दाब राखला गेला नाही. ऑक्सिजनचे मुखवटे खाली आले आणि सुमारे तीस प्रवाशांना नाका-कानांतून रक्त येण्याचा त्रास झाला. इंजिनांमधून काढलेली दाबाखालची हवा केबिनकडे सोडणारे ‘ब्लीड’ स्विच चालू केलेच गेले नव्हते, हे त्याचे कारण निघाले. दोन्ही पायलटांना चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवण्यात आले.

हे स्विच पायलटांच्या डोक्यावरच्या पॅनलवर असतात. टेकऑफच्या वेळी इंजिनाची सगळी ताकद उड्डाणासाठी मिळावी म्हणून काही प्रसंगी ते मुद्दाम बंद ठेवले जातात आणि विमान हवेत स्थिरावल्यावर आठवणीने चालू करायचे असतात. बोईंग ७३७ मध्ये टेकऑफनंतर वाचायची यादी अगदी मोजक्या ओळींची आहे आणि तिच्यात ब्लीडची ओळ सर्वांत वर आहे. म्हणजे ज्यांनी ही यादी तयार केली त्यांना ही चूक होऊ शकते हे पुरते ठाऊक होते.

आता ती यादी वाचायची वेळ कोणती येते ते पाहू. चाके वर घ्यायची असतात, इंजिनाची ताकद टेकऑफवरून चढाईच्या पातळीवर आणायची असते, वेग वाढेल तसे फ्लॅप (कमी वेगात विमान उचलले जावे म्हणून पंखांच्या मागून बाहेर काढलेली पाती) टप्प्याटप्प्याने आत घ्यायचे असतात, ऑटोपायलट लावायचा असतो. तेवढ्यात टॉवर आपल्याला पुढच्या कंट्रोलरकडे सोपवतो, नवी फ्रिक्वेन्सी लावायची असते, नवा कंट्रोलर नवी दिशा आणि नवी उंची देतो, आणि ती शब्दशः परत म्हणून दाखवायची असते. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर त्या फ्रिक्वेन्सीवर आपल्या आधी आणि आपल्यानंतर बोलणारे कितीतरी जण असतात. हे सगळे दोन-तीन मिनिटांत उरकायचे असते. यातले एकही काम फालतू नाही. यादी वाचायला घ्यावी आणि नेमके त्याच क्षणी आपल्या विमानाचे नाव रेडिओवर पुकारले जावे, हे दर उड्डाणाला घडू शकते.

‘नंतर करायचे आहे’ अशा गोष्टी लक्षात ठेवण्याच्या बाबतीत माणसाची स्मृती फार दुबळी आहे. झालेली गोष्ट आठवायला आपल्याला कोणीतरी विचारते. करायची राहिलेली गोष्ट आठवायला मात्र कोणी विचारत नाही, ती योग्य क्षणी आपली आपणच सुचावी लागते. एरवी ती सुचते, कारण आधीची पायरी पुढच्या पायरीची आठवण करून देते. मध्येच कोणी हाक मारली की ही साखळी तुटते, आणि हाकेला उत्तर देऊन परत आल्यावर मनाला वाटते की आपण पुढच्याच कडीशी होतो. रोजच्या सरावाचे काम असेल तर हा धोका वाढतो, कारण ते काम आपण शेकडो वेळा केलेले असते आणि कालच्या, परवाच्या आठवणी आजच्या आठवणीत सहज मिसळून जातात. ‘ब्लीड चालू केले’ ही आठवण अगदी खरी असते, फक्त ती मागच्या उड्डाणाची असते.

राहिला प्रश्न छापील यादीचा. रोज म्हटले जाणारे स्तोत्र ओठांवर चालू असते आणि मन दुधाच्या हिशेबात असते, हा अनुभव बहुतेकांना असेल. यादीचेही तसेच होते. एक जण ओळ वाचतो, दुसरा ठरलेले उत्तर देतो. उत्तर जिभेवर इतके बसलेले असते की नजर त्या स्विचवर पडली तरी तिला तिथे जे असायला हवे तेच दिसते.

माद्रिदचा अपघात या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. २० ऑगस्ट २००८ रोजी स्पॅनएअरचे एमडी-८२ विमान फ्लॅप न काढताच धावपट्टीवर धावले, जेमतेम उचलले गेले आणि कोसळले. १७२ पैकी १५४ जण गेले. हे विमान त्याआधी एकदा धावपट्टीपर्यंत जाऊन एका तापमापकाच्या बिघाडामुळे परत आले होते, दुरुस्ती झाली होती, तासाभराहून अधिक उशीर झाला होता. इंजिने सुरू झाल्यानंतरच्या यादीत शेवटी फ्लॅपची ओळ होती. को-पायलट तिथवर पोहोचला आणि नेमक्या त्याच वेळी कॅप्टनने त्याला टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेण्याची, परवानगी मागायला सांगितले. परवानगी मागितली गेली, मिळाली, विमान निघाले आणि ती ओळ मागेच राहिली. पुढे टेकऑफच्या अगदी आधीच्या तपासणीत फ्लॅपचा आकडा तोंडाने म्हटलाही गेला; फ्लॅप मात्र आतच होते.

आपण निष्काळजीपणा म्हणता, तेव्हा डोळ्यांसमोर कामात मन नसलेला माणूस येतो. इथे कॅप्टन कामच करत होता. उशीर झालेले विमान लवकर हलवू पाहत होता. अशा चुकांना माफी असावी असे मी म्हणत नाही. पायलटला निलंबित केल्याने पुढच्या पायलटची स्मृती सुधारत नाही, एवढेच मला सांगायचे आहे. त्यासाठी कामाची रचना बदलावी लागते : टेकऑफनंतरची यादी विमान स्थिरावेपर्यंत सुरूच न करणे, यादी मध्ये तुटली तर अंदाजाने पुढे न जाता ती पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचणे, आणि रेडिओवर हाक आली तरी यादी संपेपर्यंत ‘स्टँडबाय’ (जरा थांबा) म्हणण्याची पायलटला मोकळीक असणे. यातली शेवटची गोष्ट सांगायला सोपी आणि करायला अवघड आहे. कंट्रोलरला थांबवणे म्हणजे आपण कामात मागे पडलो असे कबूल करणे, अशी भावना तरुण को-पायलटांच्या मनात घट्ट बसलेली असते. ती काढून टाकणे हे प्रशिक्षकांचे काम आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत ‘एकाग्रता’ या विषयावर बोलताना मी मुलांना सांगितले की विमान उतरताना पायलट एकमेकांशी गप्पासुद्धा मारत नाहीत. एका मुलाने विचारले, तसा नियम आहे का? नियम असेल तर तो कसा आला, आणि तो पाळला तर अपघात थांबतात का?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : नियम आहे, आणि तो जीव गेल्यावर आलेला आहे. ११ सप्टेंबर १९७४ च्या सकाळी अमेरिकेत शार्लट येथे ईस्टर्न एअरलाइन्सचे डीसी-९ विमान धुक्यात उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला भिडले. विमानातील ८२ जणांपैकी सत्तरहून अधिक जण मृत्युमुखी पडले. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण तपासले तेव्हा उतरण्याच्या त्या मिनिटांत पायलट राजकारणापासून जुन्या मोटारींपर्यंत अनेक विषयांवर बोलत होते आणि उंचीकडे त्यांचे पुरेसे लक्ष नव्हते, असे आढळले. त्यानंतर १९८१ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ‘स्टेराइल कॉकपिट’चा नियम केला, आणि आज भारतासह जगभर तो या ना त्या स्वरूपात पाळला जातो. विमान जमिनीवर टॅक्सी करत असताना, टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी, आणि दहा हजार फुटांखालच्या उड्डाणात, विमान सुरक्षित चालवण्याशी संबंध नसलेले कोणतेही काम किंवा बोलणे कॉकपिटमध्ये करायचे नाही, असा त्याचा आशय आहे.

नियमात नुसत्या गप्पांचा उल्लेख नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे. जेवण-खाण आणि कामाशी संबंध नसलेले वाचन त्यात आहेच. पण कंपनीच्या कामांचीही नावे घेऊन बंदी घातली आहे : पॅन्ट्रीतले सामान मागवण्यासाठी कंपनीला रेडिओवरून कळवणे, प्रवाशांची पुढची विमाने निश्चित करणे, कंपनीची जाहिरात करणाऱ्या किंवा खिडकीतून दिसणारी प्रेक्षणीय स्थळे दाखवणाऱ्या घोषणा करणे, पगाराशी संबंधित कागद भरणे. ज्यांनी नियम लिहिला त्यांनी व्यत्यय कुठून येतो याचा नीट विचार केला होता, हे या यादीवरून दिसते.

तरीही आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काही प्रमाणात’ असेच द्यावे लागेल. गप्पा बंद केल्या की गप्पांमुळे होणारे अपघात थांबतात; पण कॉकपिटमधले बहुतेक व्यत्यय कामातूनच जन्मतात. नासाच्या एम्स संशोधन केंद्रातील संशोधकांनी पायलटांनी स्वतःहून, नाव गुप्त राहील या भरवशावर पाठवलेल्या अहवालांतून व्यत्ययाचे १०७ प्रसंग निवडून तपासले, तेव्हा लक्ष दुसरीकडे खेचणाऱ्या गोष्टींत चार प्रकार ठळक निघाले : बोलणे, मान खाली घालून करायची कामे, बाहेर दुसरे विमान शोधणे, आणि एखाद्या बिघाडाचा पाठपुरावा. यातल्या बोलण्यात एकमेकांशी, कंट्रोलरशी आणि केबिन क्रूशी होणारे कामाचे बोलणेही आले. मान खाली घालून करायचे काम म्हणजे संगणकात मार्ग भरणे किंवा नकाशे वाचणे. यातल्या कशावर बंदी घालणार?

१६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइटहून निघालेल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या एमडी-८२ विमानाचीही गोष्ट अशीच आहे. विमान टॅक्सी करत असताना धावपट्टी बदलून मिळाली. हवामानाची नवी माहिती ऐकून टिपून घ्यावी लागली, बदललेल्या धावपट्टीसाठी विमानाचे वजन चालते की नाही हे आकडे काढून पाहावे लागले, आणि जिथे वळायचे तो टॅक्सीवेही चुकला. या सगळ्यात टॅक्सीची यादी वाचायचीच राहिली, आणि तिच्याबरोबर फ्लॅपही राहिले. विमानातील १५५ पैकी चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. जमिनीवर असलेले आणखी दोघे जणही गेले.

म्हणून विमान कंपन्यांच्या व्यवस्थापनाविषयी माझे मत कडक आहे. दार बंद होण्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत लोडशीट (विमानातील वजनाचा तक्ता) येते, इंधनाचा कागद येतो, एखाद्या प्रवाशाचे सामान उतरवायचे असते, ग्राउंड स्टाफचा माणूस दारात उभा राहून सही मागत असतो, आणि पायलट त्याच वेळी टेकऑफचे आकडे संगणकात भरत असतो. हे सगळे ठरवून दहा मिनिटे आधी आणता येते. ते येत नाही, कारण वेळेवर सुटण्याची टक्केवारी दर महिन्याला मोजली जाते आणि तुटलेली चेकलिस्ट कोणी मोजत नाही. ‘स्टेराइल कॉकपिट’ टॅक्सीपासून सुरू होतो. त्याची खरी गरज मला दार बंद होण्याआधीपासून दिसते.

प्रश्न : मी रेल्वेत लोको पायलट होतो. सिग्नल दिसला की मी आणि माझा सहायक तो मोठ्याने पुकारत असू; एकाने पुकारायचे आणि दुसऱ्याने पाहून दुजोरा द्यायचा. विमानात अशी पद्धत आहे का?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : आहे, आणि ती आपल्या पद्धतीच्या फार जवळची आहे. विमानात एक पायलट प्रत्यक्ष उडवतो आणि दुसरा लक्ष ठेवतो. या दुसऱ्याला ‘पायलट मॉनिटरिंग’ म्हणतात. कंट्रोलरने नवी उंची दिली की एक जण ती पॅनलवर लावतो आणि दुसरा त्या आकड्याकडे पाहून तो आकडा मोठ्याने म्हणतो. उंची गाठायला हजार फूट उरले की पुकारा होतो. विमान जमिनीवरून उचलले गेले आणि चढते आहे हे दोन्ही यंत्रांवर दिसल्यावर एक जण तसे पुकारतो, आणि त्यानंतरच दुसरा चाके वर घ्यायला सांगतो. जपानी रेल्वेतील कर्मचारी तर सिग्नलकडे बोट रोखून पुकारतात. बोट रोखले की नजर तिथे जावीच लागते, हा त्यामागचा विचार फार मोलाचा आहे, आणि काही प्रशिक्षक पायलटांनाही स्विचला बोट लावून उत्तर द्यायला शिकवतात.

आपण मात्र जाणताच की सहायक पुढे पाहत असेल तरच त्याच्या पुकारण्याला अर्थ आहे. तो वाकून डब्यातले काही शोधत असेल तर इंजिनात दोघे असूनही पुढे पाहणारा एकच उरतो.

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री फ्लोरिडातील मायामीजवळ कॉकपिटमध्ये चौघे जण होते आणि पुढे पाहणारा एकही नव्हता. ईस्टर्न एअरलाइन्सचे ट्रायस्टार विमान उतरायला आले तेव्हा पुढचे चाक खाली येऊन पक्के बसल्याचा हिरवा दिवा लागला नाही. विमान दोन हजार फुटांवर नेऊन ऑटोपायलटवर सोडण्यात आले आणि सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. दिव्याची काच अडकली होती. ती ओढून काढण्याची खटपट चालू होती. फ्लाइट इंजिनीअर चाक प्रत्यक्ष दिसते का ते बघायला खालच्या कप्प्यात उतरला, आणि कॉकपिटमध्ये बसून प्रवास करणारा कंपनीचा देखभाल तज्ज्ञही त्याच्या मदतीला गेला. या गडबडीत कोणाचा तरी हलका धक्का कंट्रोल कॉलमला (विमान चालवायच्या दांड्याला) लागला असावा आणि उंची धरून ठेवण्याची ऑटोपायलटची व्यवस्था सुटली. विमान इतक्या हळू खाली येऊ लागले की शरीराला जाणवू नये. उंची ठरलेल्यापेक्षा ढळल्याची सूचना देणारा एक छोटासा नाद इंजिनीअरच्या जागेपाशी वाजला. जागा रिकामी होती. खाली एव्हरग्लेड्सची दलदल, एक दिवा नाही. रडारवर नऊशे फूट पाहून कंट्रोलरने सगळे ठीक चालले आहे ना अशा अर्थाची विचारणा केली. उंचीचा आकडा मात्र त्याने उच्चारला नाही. १७६ पैकी १०१ जण गेले. पुढचे चाक खाली येऊन पक्के बसलेले होते आणि दिव्याचे बल्ब तेवढे जळलेले होते, हे नंतर कळले.

बिघाडाकडे सगळ्यांनी एकदम बघायचे नाही, एकाने विमानच उडवायचे, आणि ते कोण करणार हे आधी तोंडाने ठरवायचे, हा धडा तेव्हापासून प्रत्येक पायलटला शिकवला जातो. तो लगेच अंगवळणी पडला असेही नाही. सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, युनायटेडचे डीसी-८ विमान पोर्टलंडजवळ चाकांच्याच शंकेपायी सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून पडले. त्या वेळी इंधनाची काळजी इतर दोघांच्या मनात होती, पण कॅप्टनला ठणकावून सांगायचे धाडस झाले नाही. कॉकपिटमधील सगळ्यांनी मिळून काम कसे करावे याचे जे प्रशिक्षण आज दिले जाते, ते या अपघातानंतर उभे राहिले.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. माणूस विसरणारच हे गृहीत धरले, तर हे काम सरळ यंत्राकडे का सोपवू नये? फ्लॅप नसतील तर भोंगा वाजावा, एवढे सोपे आहे.
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तो भोंगा डेट्रॉइटच्या विमानातही होता आणि माद्रिदच्या विमानातही. डेट्रॉइटला त्या यंत्रणेला वीजच मिळत नव्हती, आणि माद्रिदलाही इशारा वाजला नाही. विसरणे आणि यंत्राचे मौन एकाच दिवशी जुळून आले. असे क्वचित घडते, पण उड्डाणांची संख्या इतकी प्रचंड आहे की क्वचित घडणारी गोष्ट कुठेतरी घडतेच.

भोंगा वाजला तरी तो कशाचा आहे हे कळावे लागते. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाका येथून अथेन्सला निघालेल्या हेलिओस एअरवेजच्या बोईंग ७३७ विमानात आदल्या रात्रीच्या दुरुस्तीनंतर केबिनच्या दाबाचा स्विच ‘मॅन्युअल’वर, म्हणजे दाब आपोआप राखला जाणार नाही अशा स्थितीत, राहिला होता. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत तो सुटला, पुढच्या यादीतही सुटला आणि टेकऑफनंतरच्या यादीतही सुटला. वर जाताना धोक्याचा भोंगा वाजला, पण त्या विमानात केबिनचा दाब घटल्याचा आणि टेकऑफसाठी विमान सज्ज नसल्याचा भोंगा एकाच आवाजाचा होता. हवेत असताना तो दुसराच इशारा खोटा वाजतो आहे, असे पायलटांना वाटले. ते जमिनीवरच्या अभियंत्यांशी बोलत राहिले, आणि प्राणवायू कमी पडत गेल्याने त्यांची समजही हळूहळू मंद होत गेली. विमानातील सर्व १२१ जण मृत्युमुखी पडले. पुढे या दोन इशाऱ्यांसाठी बोईंग ७३७ मध्ये वेगवेगळे दिवे बसवणे बंधनकारक करण्यात आले. जयपूरच्या विमानातील माणसे वाचली, ती वेळीच खाली आणली गेली म्हणून. दोन्ही घटनांची सुरुवात सारखीच आहे.

आपल्या प्रश्नात एक चांगली दिशा मात्र आहे आणि तिच्यावर काम झालेले आहे. बोईंग ७७७ सारख्या विमानांत चेकलिस्ट पडद्यावर येते. स्विच खरोखर योग्य जागी गेला की ती ओळ आपोआप हिरवी होते, आणि राहिलेली ओळ पांढरीच दिसत राहते. व्यत्यय येऊन गेल्यावर पायलट परतला की आपण कुठे होतो हे त्याला आठवावे लागत नाही, ते पडद्यावर दिसते. भोंगा चूक झाल्यावर ओरडतो. हा पडदा स्मृतीचे ओझे आधीच उतरवतो. विसरभोळ्या माणसासाठी यंत्र कसे असावे, याचा हा उत्तम नमुना आहे, आणि आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी याच बाजूने पुढे विचार करावा असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : पायलटांच्या हातात हल्ली टॅबलेट असतो. त्यामुळेच एकदा आपले विमान परदेशात खाली आले होते ना? त्यावर बंदी का नाही?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपल्याला बहुधा ८ ऑगस्ट २०१४ ची घटना आठवते आहे. जेट एअरवेजचे मुंबई–ब्रसेल्स विमान तुर्कस्तानवरून जाताना ठरलेल्या उंचीवरून सुमारे पाच हजार फूट खाली आले. तिथल्या कंट्रोलरने लक्षात आणून दिल्यावर विमान पुन्हा वर नेण्यात आले. कॅप्टन त्या वेळी नियमांत बसणारी ठरावीक विश्रांती घेत होते आणि को-पायलट टॅबलेटवर काम करत होत्या. विमान कोणाला धडकले नाही, कोणी जखमीही झाले नाही.

बंदी घालता येणार नाही, कारण हा टॅबलेट कामाचाच आहे. पूर्वी जड बॅगांतून न्यावे लागणारे नकाशे आणि पुस्तिका आता त्यात असतात. खासगी वापराची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २००९ मध्ये नॉर्थवेस्टचे एक विमान मिनियापोलिस ओलांडून शंभर मैलांहून अधिक पुढे गेले, तासाभराहून अधिक काळ रेडिओवर त्याचा प्रतिसाद नव्हता, कारण दोघेही पायलट आपापले लॅपटॉप उघडून कंपनीच्या नव्या ड्युटी-पद्धतीची चर्चा करत होते. त्यानंतर अमेरिकेत कॉकपिटमध्ये अशा साधनांच्या खासगी वापरावर बंदी आली, ती योग्यच आहे. ब्रसेल्सच्या विमानाबाबत प्रश्न वेगळा आहे : दुसरा पायलट विश्रांती घेत असताना जागा असलेल्याने मान खाली घालायचे कोणतेही काम हाती घेऊ नये, मग ते कितीही आवश्यक असो. विश्रांती सुरू होण्याआधीच ती कामे उरकून घ्यावीत.

प्रश्न : पायलटांना त्रास नको म्हणून प्रवाशांनी आणि एअर होस्टेसनी टेकऑफ-लँडिंगच्या वेळी गप्प राहावे, हे बरोबर का?
— एक गृहिणी, रत्नागिरी

उत्तर : चहा, ब्लँकेट, जागा बदलणे यांसाठी गप्प राहावे; काही विचित्र दिसले, ऐकू आले किंवा जळका वास आला तर अजिबात गप्प राहू नये. ‘स्टेराइल कॉकपिट’च्या नियमात सुरक्षिततेशी संबंधित माहिती देण्याला बंदी नाही, पण काही केबिन क्रू नियमाच्या भीतीने आवश्यक तेही सांगायला कचरतात, ही त्या नियमाची झळ आहे. इंग्लंडमध्ये ८ जानेवारी १९८९ रोजी ब्रिटिश मिडलंडचे बोईंग ७३७ केगवर्थ गावाजवळ पडले आणि ४७ जण मरण पावले. बिघडले होते डावे इंजिन आणि पायलटांनी बंद केले उजवे. डाव्या इंजिनातून ठिणग्या आणि ज्वाळा निघताना मागे बसलेल्या प्रवाशांनी आणि केबिन क्रूपैकी काहींनी पाहिल्या होत्या. कॅप्टनने उजव्या इंजिनाचा उल्लेख करणारी घोषणा केली ती काही प्रवाशांनी ऐकलीही, आणि त्यांना ती खटकलीही. कोणीही पुढे कळवले नाही.

पुढे कॉकपिटमध्ये कॅप्टनने ‘आपल्याला नेमके काय काय दिसले होते’ अशी उजळणी मोठ्याने सुरू केली होती. चूक सापडण्याची ती मोठी संधी होती. तेवढ्यात कंट्रोलरचा रेडिओ संदेश आला, त्याला उत्तर द्यावे लागले, आणि उजळणी तिथेच तुटली ती पुन्हा सुरू झाली नाही. पायलटांचा धागा असा कधीही तुटू शकतो, म्हणून आपल्याला खिडकीतून जे दिसते ते त्यांना ठाऊकच असेल असे धरून चालू नये. बेल्ट न सोडता कॉल बटण दाबावे, आणि ‘डावीकडच्या इंजिनातून ज्वाळा दिसत आहेत, कॅप्टनला कळवा’ असे बाजूसकट स्पष्ट सांगावे. अशा वेळी कॉकपिटला फोन करायला केबिन क्रूला पूर्ण मुभा असते.